दहा घाव, एक घोट

गावात तिला नावानं हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. सगळे तिला घणवाली म्हणायचे. खाणीत कामाला चाळीस पुरुष होते, पण सहा किलोचा घण सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत एका लयीत चालवणारी ती एकटीच. अंगापिंडानं म्हणाल तर काडी. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, बाई घण उचलत नाही, घणच बाईला उचलतोय. जवळ गेल्यावर मात्र तिचे दंड दिसायचे, डाव्या हाताची नसलेली करंगळी दिसायची, डोळ्याखाली दगडाच्या कपचीनं ओढलेली रेघ दिसायची. मग बोलणारा दोन पावलं मागं सरकून बोलायचा.

तिचा नवरा याच खाणीत गेला. एका दुपारी सहा कोनांचा, दोन पुरुष उंचीचा दगडी खांब कड्यापासून सुटला आणि त्याच्यावर आडवा झाला. दगडाखालून जे निघालं ते चादरीत बांधून घरी आणलं. आठ दिवस ती घरात बसली. नवव्या दिवशी त्याचा घण खांद्यावर टाकून खाणीत आली. मुकादम एका चिऱ्यावर पाय फाकून बसला होता. "हे बाईमाणसाचं काम नाही," एवढंच तो म्हणाला. तिनं घण उचलला आणि त्याच्या दोन मांड्यांच्या मधोमध घातला. चिरा दुभंगला. मुकादम शाबूत राहिला, पण त्या दिवसापासून तो तिच्याशी उभ्यानंच बोलायचा.

तिच्या जोडीला तिचा दीर होता, नवऱ्याचा धाकटा भाऊ. दगडात भोक पाडायचं तर दोन माणसं लागतात. एकानं पोलादी पहार उभी धरून फिरवायची, दुसऱ्यानं तिच्या डोक्यावर घण मारायचा. अशी ओळीनं भोकं पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी ठोकायच्या, की दगड हवा तिथं फुटतो. दीर पहार धरायचा. दहा घाव झाले की डब्यातलं थोडं पाणी भोकात ओतायचा. खाणीतला नियमच तो: दहा घाव, एक घोट. पाण्यानं पूड बसते, पहार निवते. कोरडं भोक पाडलं तर पूड छातीत जाते आणि पन्नाशीच्या आत माणूस खोकत खोकत मरतो.

पहिल्या वर्षी दीर विसरायचा. मग घणवाली त्याच्या नडगीवर लाथ घालायची. "भावजी, तुमच्या भावाला दगडानं खाल्लं. तुम्हाला धुळीनं खाल्लेलं मला चालणार नाही." वर्षभर लाथा खाल्ल्यावर हाताला सवय लागली, ती कायमची. वीस वर्षांनी त्याचा हात आपोआप डब्याकडे जायचा. त्याची बायको, म्हणजे घणवालीची जाऊ, शेजारणींना सांगायची, "अहो, हे जेवतानाही दहा घास झाले की पाणी पितात. मी मोजलंय." तिघं एकाच घरात राहायची. भांडी एकत्र, भांडणंही एकत्र.

त्या खाणीचा दगड कधीकाळी डोंगराच्या पोटातून वाहत आलेला होता. घणवालीला तो तळहातासारखा ठाऊक होता. वरचा थर चाळणीसारखा, भोकाभोकांचा, कारण तो घाईत थिजला आणि हवेचे बुडबुडे आतच अडकले. खालचा दगड दमानं थिजला, म्हणून घट्ट, बारीक चमकदार कणांचा. थिजता थिजता तो आकसला, आकसताना तडकला, आणि तडकून त्याचेच ते सहा कोनी खांब झाले. आणि जिथं तो जुन्या काळी एखाद्या पाण्याच्या डबक्यात उतरला असेल तिथं एका क्षणात निवून त्याची काळी काच झालेली. करंगळी त्याच काचेनं नेली होती. शाळामास्तर पोरांना खाण दाखवायला आणायचे आणि म्हणायचे, "हा अग्निजन्य खडक." घणवाली म्हणायची, "मास्तर, नाव भारदस्त आहे. पण नुसतं रागीट दगड म्हणा, पोरांना लवकर कळेल."

मग एका सकाळी डोंगर फाटला.

आधी जमिनीनं हिसका दिला आणि गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा एकाच वेळी खाली आल्या. मग डोंगराच्या कुशीत एक लांब चीर पडली, आणि तिच्यातून दगड वाहू लागला. हो, दगडच. लाल, जाड, गुळासारखा. तो धावत येत नव्हता, हीच त्याची क्रूरता. चालत्या म्हाताऱ्याच्या वेगानं यायचा, घरापुढं थांबायचा, भिंतीला टेकायचा, आणि आतलं सगळं पेटेपर्यंत वाट बघून मग भिंत आडवी करायचा. वरच्या बागा एका दिवसात गेल्या. गोठ्यातली जनावरं सोडायला गेलेला एक माणूस परत आला नाही. पहिल्या आठवड्यात अकरा घरं गेली. त्यातल्या एका घरातली म्हातारी बाहेर यायला तयार नव्हती. तिला तिच्या मुलानं थोबाडीत मारून खांद्यावर टाकून आणली, आणि ती मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

आठवड्यानं त्या प्रवाहानं स्वतःलाच काठ बांधले. कडेचा दगड निवायचा, काळा पडायचा, वर वर चढायचा, आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या भिंती उभ्या राहायच्या. मधून लाल रस वाहायचा. वरून निवणाऱ्या सालीचा आवाज यायचा, ताटं फुटल्यासारखा, दिवसरात्र. आणि त्या पन्हाळीचं तोंड सरळ गावाच्या चौकाकडे होतं.

नगराध्यक्षांनी सभा बोलावली. गोल, गोड बोलणारा माणूस. त्यांनी फळ्यावर रेघा काढल्या. "वर जिथं प्रवाह वळतो ना, तिथं डावीकडची भिंत फोडायची. रस घळीत उतरेल. घळ मोकळी आहे. गाव वाचेल."

घणवाली मागच्या बाकावरून उठली. "घळ मोकळी आहे, पण ती जाते कुठं?"

घळ खालच्या गावात जात होती. तिथं घणवालीची धाकटी बहीण नांदत होती, पाववाल्याच्या घरी, तीन लेकरांसकट.

"तिथवर पोचेपर्यंत तो निवेल," नगराध्यक्ष म्हणाले.

"नाही निवणार. अरुंद घळीत रस उतरला की वरची साल थिजते. साल म्हणजे त्याची गोधडी. गोधडीखालून तो मैलोगणती गरम जातो. निववायचा असेल तर पसरवावा लागतो, पातळ. त्यासाठी जागा आहे. वळणापासून खाली याच बाजूला आपली खाण. तीन बाजूंनी कडा, मैदानाएवढा तळ. भिंत तिथं फोडा."

सभेत गलका उठला. खाणीवर अर्धं गाव जगत होतं. दीरच आधी उठला.

"वहिनी, खाण बुडवायची? मग खायचं काय, दगड?"

"आजवर काय खात होतो, भावजी?"

चार जण हसले, पण हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळे हात वळणाच्या बाजूनं गेले. दिराचाही. जाता जाता नगराध्यक्ष तिला म्हणाले, "घाव तुमच्याच हातचे लागतील. उद्या उजाडताच."

"माझ्या बहिणीच्या घरावर मी घाव घालू?"

"मग खाटीक घालेल," नगराध्यक्ष म्हणाले. "त्याचा हातही काही हलका नाही."

दुपार उरली होती. ती पायवाटेनं खालच्या गावात उतरली. मनाशी तिनं एवढंच ठरवलं होतं की फक्त बहिणीला सांगायचं, लेकरं घेऊन निघ म्हणायचं, आणि परत फिरायचं. धाकटी अंगणात कपडे वाळत घालत होती. ऐकून तिनं ओला सदरा तसाच बादलीत टाकला.

"ताई, मी एकटीनं निघू? आणि ही शेजारीण? तिला दिवस गेलेत. तिला काय सांगू, मी हवापालटाला चाललेय?"

"तुझ्यापुरतं बघ."

"तू बघतेस का तुझ्यापुरतं? मग इथं कशाला आलीस?"

एवढ्यात पाववाला भट्टीतून बाहेर आला, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. त्यानं सगळं ऐकलं, कपाळ पुसलं, आणि सरळ चौकाकडे पळाला. त्याला थांबवता आलं असतं. घणवाली दारातच उभी होती, आणि तिनं त्याला वाट दिली.

पहाटे वळणावर वरच्या गावचे तीस जण जमले होते. अंगावर ओली पोती, तोंडाला फडकी. काळी भिंत त्यांच्या डोक्याहून उंच, आणि पलीकडून येणाऱ्या धगीनं हवा थरथरत होती. सुरुंगाची दारू ठासायचा विचार कुणी केला नाही, तापल्या भोकात ती हातातच उडाली असती. म्हणून खाणीचीच रीत: भोकं आणि पाचरी. दीर पहार धरून बसला होता. खाटीक घाव घालत होता.

तेवढ्यात घळीतून खालचं गाव वर आलं. साठ माणसं. कुदळी, कोयते, गाडीची जोखडं. पाववाल्याच्या हातात भट्टीतले निखारे ओढायची लांब लोखंडी सळई होती. बोलणं वगैरे काही झालं नाही. पहिल्यांदा एक दगड आला आणि वरच्या गावच्या शिंप्याचे पुढचे दात घेऊन गेला. मग सगळे एकमेकांत घुसले. पावलांखाली कच्ची खडी, खडीला काचेसारख्या धारा. जो पडला तो फाटून उठला. कुदळीचा दांडा हातावर बसल्याचा कडकन आवाज, पोटात गुडघा घेतलेल्या माणसाचं कण्हणं. कुणी कुणाचं जळतं पोतं ओढलं आणि त्याच्याच तोंडावर धरलं. लग्नांत एकमेकांच्या पंक्तीला वाढलेली माणसं होती ती. एकमेकांना नात्यानं हाका मारत बडवत होती. "मामा, सोडा, नाहीतर डोकं फोडीन," असं म्हणून एकानं मामाचं डोकं फोडलंच.

घणवाली त्या गर्दीतून भिंतीकडे निघाली होती. पाठीवर एक काठी बसली, कुणाची ते तिनं पाहिलं नाही. तिची नजर दिरावर होती. त्याच्याभोवती मारामारी पेटली होती आणि तो मान खाली घालून पहार फिरवत होता, खाणीतल्यासारखा. खाटीक मारत होता. भिंतीत खाली तिरपं पाडलेलं भोक हातभर खोल गेलं होतं. पहारीचं टोक लाल होऊन येत होतं, म्हणजे आत वितभर अंतरावर रस होता. तिच्या कानांनी मोजायला सुरुवात केली, तीही सवयच. सात. आठ.

"भावजी, पाणी नको," ती ओरडली. "भावजी, कोरडं राहू द्या."

नऊ. त्या गदारोळात कुणाचं कुणाला ऐकू येणार? दहा. दिरानं पहार वर ओढली, डावा हात डब्याकडे नेला, भोकात घोट ओतला आणि पहार पुन्हा आत दडपली.

आत अडकलेल्या पाण्याची त्याच क्षणी वाफ झाली आणि वाफेला बाहेर पडायला जागा नव्हती. भिंत आतून फुटली. आवाज इतका मोठा की नंतर कितीतरी वेळ ऐकूच आलं नाही. माणसांची तोंडं नुसती उघडत मिटत होती. पहार भाल्यासारखी उडून मागच्या उतारावर रुतली. खाटकाची अर्धी दाढी आणि एक कान गेला. दीर भिंतीला सर्वांत जवळ होता. घणवाली पोचली तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिनं त्याला बुटांवरून ओळखलं. आदल्याच महिन्यात तिनंच त्यांना टाच मारून आणली होती.

रडायला फुरसत नव्हती. भिंतीला बादलीएवढं भगदाड पडलं होतं आणि त्यातून लाल जीभ बाहेर येत होती. घळीकडे.

तिनं पहिल्यांदा हाताला लागला त्याला गचांडी धरून उभा केला. तो खालच्या गावचा होता. दुसऱ्याला उभा केला, तो वरच्या. "मारामारी नंतर करा. ओली पोती टाका त्याच्यावर. दगड टाका. डब्यांतलं पाणी वरून शिंपडा, आत नाही. त्याला साल धरू द्या." क्षणापूर्वी एकमेकांची नरडी दाबणारी माणसं पोती टाकायला लागली. वाफेचे लोट उठले. लाल जिभेवर काळा पापुद्रा आला, फाटला, पुन्हा आला.

"हे टिकणार नाही," ती पाववाल्याला म्हणाली. "मागून ताण आहे. खाली फोडलं तरच इथलं आटेल. पहार धरता येते?"

"ताई, मी पाव भाजतो."

"धग सोसता येते ना? चला." खाटकाच्या हातून पडलेला घण आणि पाचरी तिनं उचलल्या, पाववाल्यानं उतारावर रुतलेली पहार उपसली.

खाणीच्या माथ्यावर, जिथं ती काळी भिंत कड्याला लागून जात होती, तिथं नगराध्यक्ष आणि मुकादम आडवे उभे होते. चार खाणकामगारही. नगराध्यक्षांनी हात पसरले. "घरभेदी बाई. आधी त्यांना खबर दिलीस, दीर खाल्लास, आता आमच्या तोंडचा घास काढतेस?"

"बाजूला व्हा."

ते झाले नाहीत. तिनं घण फिरवला. तो डोक्यावर घातला नाही, एवढी दया तिनं ठेवली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज झाला आणि नगराध्यक्ष बसकण मारून गुरासारखे ओरडू लागले. मुकादम मात्र न सांगता बाजूला झाला. त्याला तिच्या घणाचा अंदाज होता.

पाववाल्यानं पहार धरली. त्याच्या हातावरचे केस जळून वास सुटला, डोळ्यांतून पाणी आलं, पण हात हलला नाही. तिनं घाव घालायला सुरुवात केली. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. कोरडी पूड नाकातोंडात जात होती. चार भोकं, चार पाचरी. चौथ्या पाचरीवरचा शेवटचा घाव बसला तशी भिंत कुरकुरली. तिनं पाववाल्याची कॉलर धरून त्याला मागं फेकला आणि स्वतः त्याच्यावर पडली. भिंतीचा अख्खा तुकडा खाणीत कोसळला. मागून रस कड्यावरून खाली उतरला, ज्या खांबाखाली तिचा नवरा गेला होता त्या जागेवर, मुकादमाच्या खोपटावर, चाळीस माणसांच्या हत्यारांवर. तळावर पोचला तसा पसरला, पातळ झाला, काळा पडला; वरून पुन्हा नवा आला. वळणावरचं भगदाड तासाभरात आटलं आणि थिजलं.

नऊ दिवस खाण भरत राहिली. दहाव्या दिवशी डोंगर थकला. चौक वाचला, खालचं गावही वाचलं. त्या बदल्यात चाळीस घरांच्या चुली थंडावल्या आणि एक माणूस गेला.

दिराला आणलं तेव्हा जावेनं ओट्यावरून लोखंडी तवा उचलला. घणवाली दारात उभी होती.

"पाणी कुणी ओतलं?" जावेनं विचारलं.

"त्यांनी."

"का?"

"मी लावली होती सवय. लाथा घालून."

जावेनं तवा घातला. भुवईचं कातडं फाटून डोळ्यावर आलं. घणवालीनं हात वर केला नाही. दुसरा बसला, तिसरा बसला. चौथ्या वेळी जावेच्या हातातून तवा आपोआप पडला, आणि ती जमिनीवर बसून घणवालीच्या गुडघ्याला चावली. शेजारणींनी दोघींना वेगळं केलं.

महिन्याभरानं धाकटी गाडी घेऊन आली. वरच्या गावात कुणी घणवालीशी बोलत नव्हतं, दुकानदार तिच्या पुढ्यात वजनं आपटायचा. आणि ती रोज दोन तास चालून परक्या खाणीत खडी फोडायला जात होती, मजुरीचे पैसे घरात आणत होती, जावेपुढं ठेवत होती. जाऊ ते उचलायची, शिव्या देत.

"ताई, चल," धाकटी म्हणाली. "खोली झाडून ठेवलीय. आमचं गाव तुला डोक्यावर घेईल. इथं कशाला मार खात राहतेस?"

घणवालीनं कपड्यांचं गाठोडं गाडीजवळ आणून ठेवलं. जाऊ आतून बाहेर आली. तिनं ते गाठोडं उचललं आणि घरात नेऊन आपटलं.

"ही कुठं जात नाही," ती धाकटीला म्हणाली. "माझं हिच्याशी भांडण अजून संपलेलं नाही."

धाकटी बहिणीकडे बघत राहिली. घणवालीनं भुवईवरचा वण बोटानं चाचपला. "जा तू," ती म्हणाली. "लेकरं वाट बघत असतील."

त्या दोघी त्यानंतर चौदा वर्षं एका छताखाली राहिल्या. भांडण रोज व्हायचं. संध्याकाळी गल्लीतून जाणाऱ्याला आधी तव्याचा आवाज यायचा, मग जावेचा, आणि मग, बऱ्याच वेळानं, दोघींच्या जेवणाचा.